वजिराची आई

माझ्या साबुदाण्याच्या खिचडीमुळं एक बाई आफ्रिकेतून विमानात बसून आमच्या उस्मानपुऱ्यातल्या घरी आली. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. ती खिचडी खायला आली नव्हती, खिचडीपासून आपल्या मुलीला सोडवायला आली होती.

मुलगी आमच्या वरच्या खोलीत राहायची. इथिओपियाची. फार्मसी शिकायला आली होती. आमच्या शहरात परदेशी पोरं शिकायला येतात हे काही नवीन नाही, पण त्यांना खोली द्यायची वेळ आली की लोकांची खोली नेमकी कालच गेलेली असते. अशा बऱ्याच 'कालच गेली' ऐकलेल्या मुलीला आमच्या दारात आणून उभं केलं ते माझ्या दिरानं. भाऊजी इतिहासाचे निवृत्त शिक्षक. शिक्षक निवृत्त झाला की त्याचा वर्ग सुटतो, सवय सुटत नाही. दर रविवारी सकाळी ते हौशी मंडळींना घेऊन जुनं शहर पायी हिंडवत आणि सगळीकडं फिरून फिरून एकाच माणसावर येत, तो म्हणजे हे शहर वसवणारा हबशी वजीर. गुलाम म्हणून दख्खनेत आला, राज्य चालवायला लागला, मोगलांच्या नाकी नऊ आणले आणि खडकी नावाच्या खेड्याचं शहर केलं.

मुलीला दाखवून भाऊजी मला म्हणाले, "वहिनी, गाव यांच्या माणसानं वसवलंय. खरं तर आपण भाडेकरू."

"मग भाडं कुणी द्यायचं?" मी विचारलं. खोली मात्र दिली.

माझं माहेर आणि शेती दोन्ही लासूर स्टेशनकडं. तिकडं लहानपणी कुणी पोर हावरटासारखं जेवायला लागलं की मोठी माणसं म्हणायची, "हबशासारखं खाऊ नको." हबशी म्हणजे कोण, हे म्हणणाऱ्याला तरी कुठं माहीत होतं! ही मुलगी घरात आल्यावर मला कळलं की ते बोलणं कुणीतरी हबशी न बघताच केलेलं आहे. ही चिमणीएवढं खायची आणि ताट घासून ठेवायची. वर्षभरात ती मराठी बोलायला लागली, तेही माझ्याकडून शिकलेलं. कॉलेजातल्या पुण्याच्या पोरी हसायच्या, कारण ही 'हो'ला 'व्हय' आणि 'खूप'ला 'लई' म्हणायची. हसू देत. पुण्याच्या पोरींनी तिला जेवायला घातलं नव्हतं, मी घातलं होतं.

म्हणजे, घातलं असं मला वाटत होतं.

पहिली दोन वर्षं ती मेसचा डबा खायची. तिसऱ्या वर्षी मेस बंद पडली आणि ती माझ्या स्वयंपाकावर आली. फाल्गुनात एक दिवस म्हणाली, "काकू, आता माझा उपवास हाय. लई मोठा. ईस्टरपर्यंत."

ख्रिस्ती माणसं एवढा लांबलचक उपवास करतात हे मला नवीन होतं. पण मराठी बाईच्या कानावर 'उपवास' हा शब्द पडला की तिला पुढचं काही विचारावं लागत नाही, तिचे हात आपोआप साबुदाण्याच्या डब्याकडं जातात. मी कंबर कसली. साजूक तुपातली खिचडी, वरईचा भात आणि वर सायीचं दही, तुपावर परतलेला बटाट्याचा कीस, दुधातलं रताळं, रात्री पेलाभर दूध. भाकरी, पिठलं, आमटी हे तिच्या नजरेलाही पडू दिलं नाही. एकदा तिनं भाकरीच्या टोपलीकडं हात नेला तर मी टोपलीच उचलली.

"अगं, मोडंल ना उपवास!"

"व्हय काकू," ती हसून म्हणाली आणि खिचडीचं ताट घेऊन वर गेली.

ते ताट खिडकीखालच्या मांजरीला जात होतं, हे मला फार पुढं कळलं. मांजर त्या दिवसांत अशी सुटली होती की मला वाटलं गाभण आहे. आणि ही बया केळी, शेंगदाणे आणि राजगिऱ्याच्या लाडवांवर दिवस काढत होती.

व्हायचं तेच झालं. तिच्या आईनं मोबाइलवर मुलीचे गाल बघितले. गाल कुठं होते म्हणा! आई तिकडं एका लहान गावात धान्याचा व्यापार करते, वजन डोळ्यांनी ओळखणारी बाई. तिनं दोन प्रश्न विचारले, मुलगी दोन्हीला "सगळं ठीक आहे" म्हणाली, आणि 'सगळं ठीक आहे' या वाक्यावर त्या घरात कुणाचाच विश्वास नव्हता. कारण मुलीची मावशी काही वर्षांपूर्वी अरबांच्या देशात घरकामाला गेली होती. तीही फोनवर सगळं ठीक आहे म्हणायची. मग फोन येणं बंद झालं. तिचा पुढं पत्ताच लागला नाही. हे सगळं मुलीनं मला जिन्यात बसून सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "काकू, आई मला न्यायला येऊ लागली. दोन तिकिटं काढलीत. जातानाची."

तिचं शेवटचं वर्ष तेवढं राहिलं होतं. गेली असती तर परत आली नसती, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. मला तर असं झालं, जणू सुनेला माहेरचा मुऱ्हाळी न्यायला यावा आणि तो परत आणून सोडणार नाही हे अख्ख्या घराला ठाऊक असावं. मुलगी माझी कुणीच नव्हती. तरी मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी भांडी आदळते. त्या आठवड्यात शेजारच्या वकिलीणबाईंनी भिंतीपलीकडून दोनदा विचारलं, बरं आहे ना म्हणून.

आई आली. उंच, ताठ, अंगावर पांढरीशुभ्र सुती ओढणी, काठाला रंगीत नक्षी. मुलीला मिठीत घेऊन तिचे खांदे चाचपले, नुसती हाडं लागली आणि माझ्याकडं असं बघितलं की मला आपल्याच घरात पदर सावरावा लागला. तिचाही उपवास चालूच होता. दुपार टळेपर्यंत ती माणसं तोंडात काही घालत नाहीत. तीन वाजता मी तिच्यापुढं माझं ठेवणीतलं ताट मांडलं. खिचडीवर तुपाची धार, शेजारी दही, पेल्यात केशर घातलेलं दूध.

बाईनं ताटाकडं बघितलं. मुलीकडं बघितलं. मग उठली आणि सरळ माझ्या स्वयंपाकघरात शिरली. टोपलीवरचं फडकं बाजूला केलं, आमच्यासाठी केलेली ज्वारीची भाकरी उचलली, वास घेतला, म्हणाली, "माशिला!" आणि उभ्या उभ्याच ठेच्याबरोबर खायला लागली.

"अहो, उपवास!" मी ओरडले.

मुलगी कपाळावर हात मारून खाली बसली आणि मग सगळं बाहेर आलं. त्यांच्या उपवासाला दूध, दही, तूप, काही म्हणजे काही चालत नाही. जनावराकडून आलेलं नको. भाकरी, डाळ, पालेभाजी, ठेचा, सगळं चालतं. म्हणजे जे चालत होतं ते मी तिच्यापासून लपवत होते आणि जे चालत नव्हतं ते तिला कोंबत होते.

"अगं, मग बोलायला काय झालं होतं तुला?"

"तुम्ही लई मायेनं करत व्हता, काकू."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मला हसावं की रडावं कळेना. मुलीनं ते आईला सांगितलं, आई भाकरी खाता खाता थांबली, आणि हसायला लागली ती हसतच राहिली. माशिला म्हणजे ज्वारी. तिच्या दुकानात पोत्यांनी असते. भाऊजी तेवढ्यात आलेच होते, त्यांना राहवेना. "ज्वारी मुळात तिकडचीच, वहिनी. म्हणजे वजिराच्या आधी भाकरी आली आपल्याकडं." एवढी वर्षं मी लासूरची ज्वारी म्हणून ज्या भाकरीचा तोरा मिरवत होते, तिचंही माहेर तिकडंच निघालं.

दोघींचं जमलं, पण बेत काही बदलला नाही. खाण्याचा गैरसमज मिटला, ठीक, पण तिची भीती खाण्याएवढी लहान नव्हती. मुलीला घेऊन जाणारच, असं तिनं हसतमुखानं सांगितलं. निघायच्या आधी एक रविवार मधे येत होता.

मी भाऊजींना गाठलं. "या रविवारी ह्यांना तुमच्या फेरीला घेऊन चला. बघू द्या, यांच्या मातीतला माणूस इथं येऊन किती मोठा झाला. मन वळंल."

भाऊजींचा चेहरा उजळला.

"पण विकला-बिकला, गुलाम-बिलाम काही सांगायचं नाही," मी बजावलं. "पोर परदेशात विकलं गेलं, हे काय त्या आईला सांगायचंय? वजीर झाला तिथनं सुरू करा."

"वहिनी, इतिहास मधूनच कसा सुरू करणार?"

"सिनेमाला तुम्ही नेहमी उशिरा जाता, तेव्हा कसा कळतो?"

रविवारी सकाळी भडकल दरवाजापाशी आम्ही जमलो. भाऊजी छत्री घेऊन पुढं, ऊन असो नसो. आम्ही तिघी, वकिलीणबाई, शिवाय नेहमीची चार-सहा मंडळी. वकिलीणबाईंनी पिशवी पुढं केली, "पाहुण्यांसाठी दशम्या आणल्यात."

"पीठ दुधात भिजवलंय?"

"म्हणजे काय! दशमी दुधातच भिजवतात."

"मग ठेवा पिशवीत," मी म्हणाले. मला आता सगळं कळत होतं.

भाऊजींनी छत्रीनं कमान दाखवली. मोगलांच्या फौजेला परतवलं त्याची ही खूण, हबशी वजिरानं बांधलेली. मुलगी तिच्या भाषेत आईला सांगत होती. आई मान मागं टाकून त्या उंच कमानीकडं बघत राहिली. खालून रिक्षा, दुधवाले, शाळेच्या खेळाला निघालेली पोरं जात होती. कुणी वर बघत नव्हतं. आम्हीही कधी बघितलं नव्हतं. मी लग्न होऊन या शहरात आले त्याला किती वर्षं झाली, या दरवाजाशी माझा संबंध 'पुढं ट्रॅफिक लागतं' एवढाच.

"आमच्यातला म्हणजे कुठला?" आईनं विचारलं.

"हरारच्या बाजूचा, असं म्हणतात."

"हरार!" तिचा चेहरा फुलला. हराराहून तिच्या दुकानात कॉफी येते. मग लगेच पुढचा प्रश्न, "इतक्या लांब आला कसा?"

"व्यापाऱ्यांबरोबर," भाऊजी म्हणाले आणि छत्री उघडून चालायला लागले.

मी मनात म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची.

जुना बाजार ओलांडून आम्ही काळ्या मशिदीपाशी गेलो. काळ्या दगडाची, बसकी, साधी. वजिराच्या काळातली. आईनं भिंतीला तळवा लावला. दगड अजून रात्रीचा गार होता. फळांची गाडी लावणारा एक म्हातारा तिला बघून म्हणाला, "हबशी है क्या माँजी? आप के ही लोगों का काम है ये." मुलीनं ते आईला सांगितलं. आई त्याच्याकडं बघून कमरेतून वाकली, म्हातारा गडबडून गेला आणि त्यानं तिच्या हातात एक संत्रं ठेवलं. तिनं ते ओढणीत बांधून घेतलं, दुपारसाठी.

मला वाटलं, जमलं! अर्धी लढाई जिंकलो. तेवढ्यात आई म्हणाली, "व्यापाऱ्यांबरोबर आला तेव्हा केवढा होता?"

"लहान होता," भाऊजी म्हणाले. बोलून गेले आणि जीभ चावली.

"लहान मुलगा व्यापाऱ्याबरोबर कशाला जाईल? काय विकत होते ते?"

"घोडे," भाऊजी म्हणाले. "कापड. अत्तर."

बाईनं मान हलवली. पण धान्याचा धंदा करणाऱ्या बाईला गोणीच्या तळाशी खडे आहेत की नाहीत हे वरून कळतं. ती भाऊजींकडं अगदी तशी बघत होती.

भाऊजींनी पाण्याचा आसरा घेतला. नहरीचा विषय निघाला की त्यांना तास पुरत नाही. डोंगरातलं पाणी जमिनीखालून खापरी नळांनी कसं शहरात आणलं, दाब वाढून नळ फुटू नयेत म्हणून वाटेत मनोरे कसे उभारले, ते सगळं त्या वजिरानं, आणि लोक तेव्हा त्याला वेडा म्हणत होते. एका बोळात असा मनोरा अजून उभा आहे. त्याच्या अंगावर आता केबलच्या तारा आहेत आणि पायाशी कुणाचीतरी स्कूटर. पाण्याच्या गोष्टीत मात्र बाई खरंच रमली. तिच्या गावीही पाणी डोंगरात आणि माणसं खाली. तिनं इतके प्रश्न विचारले की भाऊजी तिला 'मॅडम' म्हणायला लागले. मग त्यांनी शहराची नावं सांगितली. खडकी म्हणून वसवलं, वजिराच्या मुलानं नाव बदललं, मग मोगलांनी बदललं, परवा आपण बदललं. "नावं बदलतात, नळ तेच," असं म्हणून त्यांनी टाळी मागितली. वकिलीणबाईंनी दिली.

पाणचक्कीपर्यंत पोचलो तोवर ऊन चढलं होतं. मोठ्या वडाखाली सगळे टेकले. हौदात मासे, वरून पडणारं पाणी, बारीक तुषार. भाऊजी प्रामाणिक, म्हणाले, "ही चक्की आणि हिची नहर वजिराच्या पुष्कळ नंतरची बरं का. पण विद्या त्यानंच रुजवलेली."

आई त्यांच्यासमोर बसली. मुलीला म्हणाली, सरांना विचार, त्या मुलाला कुणी विकलं?

मुलीनं माझ्याकडं बघितलं. मी भाऊजींकडं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. भाऊजींनी छत्री मिटली आणि आडवी मांडीवर ठेवली. मग त्यांनी सगळं सांगितलं, जसं ते दर रविवारी सांगतात, पण आवाज वर्गातला नव्हता. लहानपणी विकला गेला. एका बाजारातून दुसऱ्या बाजारात, समुद्र ओलांडून अरबस्तानात, तिथून पुढं दख्खनेत. इथला मालक वारल्यावर सुटका झाली. शिपाई झाला, सरदार झाला, वजीर झाला. म्हातारा होऊन इथंच गेला, कबर खुलताबादला आहे. परत घरी कधी गेला नाही.

मी डोळे मिटून घेतले. संपलं, म्हटलं. आता ही उद्याच जाते.

बाईनं एवढंच विचारलं, "त्याच्या आईला कळलं का?"

"काय?"

"की तो जिवंत आहे. की वजीर झालाय."

इतक्या रविवारी, इतक्या लोकांनी भाऊजींना सगळं विचारलं होतं. लढाया किती, फौज केवढी, कमानीची उंची किती. हे कुणी विचारलं नव्हतं. "आईबद्दल कुठंच काही लिहिलेलं नाही," ते हळूच म्हणाले.

तेव्हा बाईचा पारा चढला. ती उठून उभीच राहिली. मुलगी भाषांतर करता करता धापा टाकायला लागली. एवढा दरवाजा बांधला? डोंगरातून पाणी आणलं? फौजा पाठवल्या चारी दिशांना? मग एक माणूस पाठवता आला नाही हराराला? एक निरोप? आई, मी आहे, जेवतो-खातो, एवढा?

आता मला काय झालं देव जाणे, पण कुणी आमच्या गावाला बोललं की मला सहन होत नाही, आणि त्या घटकेला तो वजीर मला आमच्या गावचा वाटला. मीही उठले. "अहो, सोपं होतं का ते? मधे समुद्र! आणि इकडं मोगल दाराशी! कामं होती माणसाला!"

मुलीनं सांगितलं. आईनं उत्तर दिलं. मुलगी म्हणाली, "काकू, आई म्हणते, कामं सगळ्याच पोरांना असत्यात."

माझा मुलगा पुण्याला असतो. तिथून निघाला तर जेवणाच्या वेळेला पोचेल एवढ्या अंतरावर. फोन करतो, गाडी चालवताना, आणि टोलनाका आला की ठेवतो.

"बरोबर हाय ह्यांचं!" मी भाऊजींवर उलटले. "एवढा वजीर, आन् आईला एक निरोप धाडाया काय झालं व्हतं मेल्याला?"

भाऊजी गोंधळून म्हणाले, "वहिनी, मी काय करू? मी नव्हतो तेव्हा." आणि मग वडाखाली हशा पिकला. पाणचक्की बघायला आलेली दुसरी मंडळी वळून बघायला लागली. दोन प्रौढ बायका, एक काळी, एक सावळी, कबरीतल्या माणसाला फैलावर घेत होत्या आणि एक पोरगी मधे उभी राहून दोन्हीकडचं भाषांतर करत होती.

हसून झाल्यावर बाई माझ्याजवळ येऊन बसली. माझा हात हातात घेतला आणि मुलीला म्हणाली, जसं बोलते तसं सांग, एक शब्द गाळू नको.

"आई म्हणते, मुलं सगळं ठीक हाय म्हणतात. माझी बहीण पण म्हणायची. मला मुलीचं ऐकायचंच नाय. घरात जी बाई ताट वाढते तिनं मला सांगायचं. खरं. मुलगी नको म्हणाली तरी. दर रविवारी." मुलीनं आईकडं बघून घेतलं. "आई म्हणते, त्या सांगत असतील तर मी तुला ठेवते."

"सांगेन," मी म्हणाले.

बाई एकटीच गेली. जाताना मी तिची ओटी भरली, नारळ, खण आणि पदरात तांदळांऐवजी ज्वारी घातली. वकिलीणबाई म्हणाल्या, असं कुठं असतं का. मी म्हटलं, आजपासून असतं. जायच्या आधी बाईनं माझ्याकडून तिच्या भाषेतले दोन शब्द घोटून घेतले, पाढे घोटून घ्यावेत तसे. 'बेल्लाच' म्हणजे जेवली. 'अल्बेल्लाचीम' म्हणजे नाही जेवली. बाकीची भाषा तिच्या मते मला लागणार नव्हती.

दर रविवारी भाऊजींची फेरी सुटली की मी फोन लावायची. "बेल्लाच!" पलीकडून बाई खळखळून हसायची, बरंच काहीतरी बोलायची, मीही माझं बोलायची, पावसाचं, भाजीचं, गुडघ्याचं. कुणाला काही कळायचं नाही आणि दोघींचं समाधान व्हायचं.

मग पावसाळा सरता सरता मुलीला ताप आला. उतरेना. डॉक्टरांनी दवाखान्यात ठेवून घेतलं, हाताला सलाईन लावलं. पेज दिली तर ती घोटभरही पोटात ठरेना. रविवार आला. मी फोन हातात घेतला तशी तिनं माझं मनगट धरलं.

"काकू, नका सांगू. बेल्लाच म्हणा. आज एकदाच. ती तिकीट काढंल."

तिचा हात इतका गरम होता की मला रडू आलं. एक शब्द तर होता. बोलले असते तर कुणाला कळलं असतं? मुलगी राहिली असती, परीक्षा झाली असती. मी फोन लावला.

"अल्बेल्लाचीम," मी म्हणाले. "ताप. फीवर. हॉस्पिटल. मी आहे. मी इथं आहे."

पलीकडून बाई एक-दोन वाक्यं बोलली, मी फोन मुलीच्या कानाला लावला. ती ऐकत होती आणि डोळ्यांतून पाणी उशीवर गळत होतं.

"काय म्हणाली? येऊ लागली का?"

"नाय," मुलगी म्हणाली. "म्हणाली, तू 'ठीक हाय' म्हणाली असतीस तर आजच निघाले असते. त्यांनी खरं सांगितलं. आता त्या 'जेवली' म्हणतील तेव्हा मी जेवेन."

म्हणजे तिकडं एक बाई उपाशी बसली. मी दवाखान्यात फोन पदरात बांधून बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलीनं पेजेचे चार चमचे घेतले आणि ते ठरले. मी रविवारची वाट बघितली नाही. तिथूनच, नर्सबाई ओरडत असताना, फोन लावला आणि जेवढ्या मोठ्यानं म्हणता येईल तेवढ्या मोठ्यानं म्हणाले, "बेल्लाच!"

पलीकडून भांड्याचा आवाज आला, आणि मग बाई घास चावायला लागल्याचा.